टिचकी

हॅलो? … हां, बोल ठमे. … नाही गं, मोकळाच आहे. आवडली का बाबांना रेकॉर्ड? … नाही? … 'माल खोटा आहे' म्हणाले? अगं, नवी कोरी, सील तू माझ्यासमोर फोडलंस! … कव्हर तेच ना, इंजिनावर बसलेलं गिधाड? … मग? … ड्रम लवकर येतात?

हो, हो… जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, त्यांचा कान म्हणजे… कुठल्या गाण्यात? … दुसरी बाजू, तिसरं. … गिटार चारपाचदा गुरगुरायला हवी, ही एकदाच गुरगुरते. … हं.

नाही, हसत नाहीये. … दुकानात? आत्ता? चप्पलसुद्धा घातलीस? … अगं ऐक ना… त्या दुकानदाराशी भांडू नकोस, त्याची काही चूक नाही. … ऐकशील का जरा? जुनी रेकॉर्ड माझ्याकडेच आहे, ही काय, हातात. तिसऱ्या गाण्यावर ओरखडा आहे बघ. तिथे सुई अडकायची. गुर्र, गुर्र, गुर्र… मग बाबा स्टुलावरून उठायचे, टिचकी मारायचे, आणि मग ड्रम. … हां! चाळीस-पंचेचाळीस वर्षं तेच ऐकलंय त्यांनी. त्यांच्या लेखी गाणंच तसं आहे.

हो, तूच पाडलेला ओरखडा… म्हणजे… ठमे, तेच सांगायचंय. … तू नव्हता पाडलास. … मी. सुईऐवजी कंगव्याचा दात लावून बघत होतो. बाबा आले, तू शेजारी उभी होतीस, आणि मी तुझ्याकडे बोट दाखवलं. … पाच वर्षांची होतीस, हो. … माहितेय मला. त्यानंतर कधी प्लेअरला हात लावू दिला नाही तुला. दाराशी उभी राहून ऐकायचीस.

हॅलो? … आहेस ना? … बोल काहीतरी. शिव्या घाल हवं तर. … काय? … स्पीकरवर आहे? केव्हापासून?

…बाबा? … हो. … हो, मीच. … नाही, घासलीबिसली नाही, आहे तशीच आहे. … आणतो. … लगेच निघतो. … लावून देऊ मी? … मी नको. बरं. … मग कोण?

ठमे, काय म्हणाले? नीट ऐकू नाही आलं. … सुई तू ठेवायची? … आणि टिचकीही तूच? … अगं, मग रडतेस काय, चप्पल काढ आधी. निघालो मी.