मोडलेला शेंडा

बायको : कात्री मिळायची नाही. बोटांनी खुडायचं.

नवरा : जन्मभर कात्री चालवली, आता टोमॅटोला चिमटे काढत बसू?

बायको : बसा. पान आणि खोड यांच्या बेचक्यातून निघते ना, ती बगलफूट. झाडाचं खाते आणि आडवी पसरते. कोवळी आहे तोवर चिमटीत धरली की मोडते.

नवरा : धाकट्याचीच बहीण म्हणायची.

बायको : भाऊजींना कशाला ओढता? संध्याकाळी सलूनची किल्ली तुम्हीच देणार आहात त्याला.

नवरा : मग काय करू? झटका आल्यापासून हा उजवा मेलाय. गिऱ्हाइकाच्या गळ्यावर डाव्या हातानं वस्तरा फिरवू? पहिल्याच दिवशी मला बेड्या पडतील.

बायको : मेला की नाही ते डॉक्टर सांगतील. ते म्हणाले, हाताला काम द्या.

नवरा : रबरी चेंडू दिला त्यांनी. दाबत बसा म्हणे. मी काय पाळण्यात आहे?

बायको : तो भिंतीपलीकडं भिरकावलात, म्हणून तर टोमॅटो. आणि डाव्यानं खुडायचं नाही. डाव्यानं जेवता, डाव्यानं दार आपटता, डाव्यानंच माझ्यावर बोट रोखता.

नवरा : अजून काही हुकूम?

बायको : कोपऱ्यातल्या झाडाला हात लावायचा नाही. नणंदबाई म्हणतात, माझ्या हाताला यश नाही. ते झाड त्यांच्या डोक्यापेक्षा उंच वाढवून दाखवणार आहे मी. खुडा. चहा टाकते.

(ती आत जाते. तो झाडांपाशी एकटा.)

नवरा : ये चिमटीत. ये म्हणतो ना. अंगठा इकडं, बोट तिकडं, दोघांची सोयरीकच जमेना. सटकली. परत सटकली. काल धाकट्यानं माझी दाढी केली, माझ्याच आरशासमोर, माझ्याच खुर्चीत. कानाशी साबण ठेवून गेला गाढव. आणि मी गप्प बसलो, मी. तू काय मान वर करून बघतेस, कोपऱ्यातले लाडके? तुलाही कीव येते माझी? घे. घे कीव... अरे देवा. अगं ए. अगं, बाहेर ये आधी.

बायको : काय झालं? पडलात का?

नवरा : मोडला.

बायको : काय मोडलं?

नवरा : शेंडा. तुझ्या कोपऱ्यातल्या झाडाचा.

बायको : शेंडा? बगलफूट कुठं, शेंडा कुठं. डोळेही गेले का तुमचे? एक झाड सांभाळलं होतं मी, एकच.

नवरा : डोक्यात तिडीक गेली. समोर तोच दिसला. दे शिव्या, देऊन टाक.

बायको : देतेच. आधी सांगा, कुठल्या हातानं मोडलात?

नवरा : हातांचं काय घेऊन बसलीस? डावा तर काठीवर होता.

बायको : होता नाही, अजून आहे. खाली बघा.

नवरा : काय बघू?

बायको : शेंडा कुठंय बघा.

नवरा : ...उजव्यात आहे.

बायको : चिमटीत आहे. अहो, अंगठा आणि बोट, दोन्ही.

नवरा : तुझं झाड गेलं पण.

बायको : जातंय कुठं. आता एक बगलफूट राखायची, तीच वर चढते. नणंदबाई हसतील थोडे दिवस, हसू देत. ही खालची धरा. धरा म्हणते.

नवरा : सटकली.

बायको : परत.

नवरा : थांब, ओरडू नकोस. ...मोडली. ही पण मोडली. ही सटकली. ही मोडली.

बायको : अहो, राखायची एक तरी ठेवा.

धाकटा : वहिनी, चहा उतू गेला, गॅस बंद केला मी. आणि हे काय, दोघं मातीत बसून हसताय?

नवरा : किल्लीला आलास ना? अगं, कमरेची सोड ती. नाही, हातात देऊ नकोस, मातीत टाक. धाकट्या, हात मागं घे. कुणी मदत करायची नाही.

धाकटा : दादा, मी उचलतो की.

बायको : गप उभे राहा भाऊजी.

नवरा : बोट खाली जाईना... गेलं. आता अंगठा. ये रे बाबा. निसटली. परत... आली. आली बघ.

धाकटा : दादा, हा तुझा उजवा हात आहे.

नवरा : तुला काय वाटलं, उसना आणलाय? कात्री धरायला वेळ लागेल. तोवर सलून तू चालव. पण खुर्ची माझी, आणि किल्ली इथंच राहील, रोज सकाळी माझ्याकडून न्यायची.

धाकटा : राहू दे. माझं ओझं उतरलं. पण सोड ना आता ती, बोटं पांढरी पडलीत. दुखत असेल.

नवरा : दुखतंय. इतके दिवस दुखतसुद्धा नव्हतं.