सायबाचं ठेंगणं दार

(वरंधच्या वरच्या वाडीतल्या ठकूबाईंनी सांगितलेलं)

माझा जलम याच वाडीतला नि लगीनपण इथंच झालं, म्हंजे मी कुठं गेलेच नाय असं समजा. म्हशी, शेण, दूध, यातच सगळं गेलं. मालक महाडला एका कारखान्याच्या बांधकामावर वॉचमन होते, तिथं इटलीचा सायेब होता, कारखान्याचे नकाशे काढायचा, लांबलचक, तांबडाबुंद. काय सांगू तुमाला, रविवार आला की मालकांच्या मागनं डोंगर चढून आमच्याकडं यायचा नि दिवसभर आमच्या गोठ्याची चित्रं काढायचा. मी बोलायची, याला काय म्हशीशी लगीन करायचंय का.

गोठ्याचं दार ठेंगणं. सायबानं हातानं खुणा करून इचारलं, असं का? मालक मस्करीत वाकले, हात जोडले नि बोलले, सायबा, वाकून जा, नायतर टाळकं फुटंल. त्यानं पण हात जोडले. आमी पोट धरून हसलो. मंग कारखाना झाला, सायेब गेला, आमी इसरलो.

नि परवा त्याची लेक आली हो! मालक तर कवाच वारले, मी एकटी ओटीवर. नातसून माझी महाडला शाळेत शिकवते, तिनं सगळं मला समजावलं. बापाचं तिकडं मोठं नाव होतं, बँका बांधल्या, हाटेलं बांधली, काय नि काय. इथनं गेल्यावर त्यानं गावाकडं डोंगरावर चर्च बांधलं नि दार ठेवलं आमच्या गोठ्याचं! पयल्याच दिवशी त्यांच्या मोठ्या फादरचं आत जाताना सगळ्यांदेखत डोकं आपटलं, टोपी पडली, पेपरात हसं झालं. दार मोठं कर म्हणाले, तर हा ऐकंना. देवाकडं वाकूनच जायचं, मला हिंदुस्थानात एका माणसानं शिकवलंय, बोलला. त्यावर त्याला कुणी काम दिलं नाय. मरेपर्यंत नाय!

आई गं! मस्करी गो ती! नि लेक मला इचारते, आजी, बापानं ज्याच्यापायी सगळं घालवलं, त्या वाकण्याचा अर्थ काय?

नातसून डोळ्यानं खुणावतेय, सांगा काय तरी देवाधर्माचं. पण बाय एवढ्या लांबनं आलेली, तिला खोटं कसं सांगू? मी बोलले, अर्थबिर्थ काय नाय गो, घाटातनं बोचरा वारा येतो, दार मोठं ठेवलं तर म्हशी गारठतात.

मला वाटलं, ही आता रडते. तर हळूच बोलली, आमच्या डोंगरावर पण लय वारा. थंडीत गावातल्या म्हाताऱ्या दिवसभर त्या चर्चमधी विणकाम घेऊन बसतात, दुसरीकडं कुठं एवढी ऊब नाय म्हणतात. आमाला वाटायचं, भक्ती हाय.

मी कपाळाला हात लावला. ते वाऱ्याचं सायबाला कळलं होतं का हो? मला तर अजून काय सुधरत नाय. त्याचं काम गेलं ते गेलंच, मी कुठनं भरून देऊ? पण त्या म्हाताऱ्या सुखानं बसू देत तिथं. ते दार कुणी मोठं करू नका, बाबांनो.