बस्त्यावची आखूड प्रार्थना

शेकोटीत आनखी काटक्या टाक गं रूथ, आन् बस इथंच. ए लाजरस, सरक म्होरं. तिकडं अंधारात कोनाशी बोलतो? ऐका आता. मधी कोनाचा मोबाईल वाजला तर उचलून शेकोटीत घालीन, आधीच सांगतो. माजा सभाव ठावं हाय तुमाला.

आज सकाळी त्यो नवा पाळक समद्या मंडळीदेखत मला म्हनतो, "अंद्रूबाबा, प्रभूची प्रार्थना म्हनताना शेवटाला तुमी गप का व्हता? इसरता का?"

इसरतो? म्या? आरं, तू दूध पीत व्हता तवा मला ती पाठ व्हती! लई राग आला. पन नाताळ तोंडावर आलाय, म्हनून दात चावून बसलो. त्येला दिलं न्हाई त्ये उत्तर तुमाला देतो. पन गोष्ट पुरी ऐकायची. मधीच उठायचं न्हाई.

आपल्या वाडीवरनं फाट्याला जायला दोन वाटा. एक डांबरी, तळ्याला वळसा घालून. दुसरी मधली, माळावरनं, कोरड्या हिरीच्या कडंनं. नाताळच्या आदल्या राती, दिस बुडाल्यावर, म्या त्या मधल्या वाटेनं निघालो. एकटा. आई दारात वरडत व्हती, "अंद्रू, उजेडात जा रं!" म्या ऐकलं न्हाई. ऐकलं असतं तर मग अंद्रू कसला?

कशापायी निघालो? बस्त्यावपायी.

बस्त्याव सिद्दी. हल्याळचा. बेळगावाच्या बी पल्याड, कानडी मुलखातल्या जंगलातला. रंगानं असा काळा, की पावसानं भिजलेला कातळ. केस बारीक कुरळे, मेंढीसारखे. त्येचे वाडवडील कवाच्या काळी जहाजातनं आफ्रिकेतनं आनलेले. कुना राजानं, कुना पोर्तुगीजानं, काय माहीत. त्यो एका लाकडाच्या ट्रकवर हमाल व्हता. फाट्यावर ट्रक बंद पडला, मालक पळाला, ह्यो राहिला. मला हिरी खांदायला गडी पायजे व्हता. म्या म्हनलं, येतो का? त्यो म्हनला, "जेवण देतो का?"

तिथनं आमची जोडी जमली.

गावात लई तमाशा. च्याच्या हाटेलात धोंडीशेट त्येला म्हनतो, "कुठल्या देशाचा रं तू?"

बस्त्याव म्हनला, "हल्याळचा."

"न्हाई, पन मूळचा? मूळचा कुठला?"

"मूळचा आईच्या पोटातला. तुम्ही कुठले?"

समदं हाटेल हासलं. पन धोंडीशेटनं त्येला कप दिला त्यो बाजूला ठेवलेला, कान तुटलेला. म्या वळखला त्यो कप. लहानपनी माज्या बापाला त्याच कपात च्या मिळायचा. मंग काय, कप भिंतीवर, आन् म्या धोंडीशेटच्या गळ्यावर! बस्त्यावनंच मला वढून भाईर काढला. रस्त्यावर आल्यावर म्हनतो, "अंद्रू, च्या तरी पिऊ द्यायचा होता रे. थंडी केवढी आहे!"

असा व्हता. मला बाटगा म्हनायचे, त्येला हबशी. म्या मारायला धावायचो, त्यो हासायचा.

आता हिरीचं काम कसं असतं ऐका. एक गडी खाली, एक वर. वरचा यारी फिरवतो, दोर सोडतो, वढतो. खालच्याला वर बघितलं की नुसतं आभाळाचं ताट दिसतं, मानूस दिसत न्हाई. म्हनून नेम असतो. खालचा वरडतो "वढ!" आन् वरचा "व्हय!" म्हनतो. व्हय ऐकल्याबिगर खालच्यानं दोरावर भार टाकायचा न्हाई. त्या एका व्हयवर जीव असतो. बस्त्याव वर असला की मला खाली झोप लागली असती, येवढा भरवसा.

सांजच्याला आमी भाकर खायच्या आधी प्रार्थना म्हनायचो. हितं भांडन! म्या मिशनचा, त्यो रोमन कॅथलिक. आपल्या प्रार्थनेला शेवटाला ती राज्याची, पराक्रमाची, गौरवाची वळ असती ना? त्येंच्यात ती न्हाई. वाइटापासनं सोडव म्हनलं की त्येचं आमेन. कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावून क्रूसाची खूण केली की हात भाकरीवर. म्या डोळं मिटून आपली शेवटची वळ म्हनतोय तवर गड्यानं अर्धी भाकर हानलेली!

म्या वरडायचो, "आरं, देवाची प्रार्थना शेपूट तोडून म्हनतो का? लाज न्हाई?"

त्यो भरल्या तोंडानं म्हनायचा, "तुजा देव बहिरा दिसतो, अंद्रू. माज्याला एवढ्यात ऐकू येते."

"एकदा म्हन की! माज्यासाठी. एकदाच!"

"मरेन, पण म्हणणार नाही. माज्या आईने शिकवली तेवढीच."

लई चिडायचो म्या. आन् जेवान झालं की त्यो घमेलं पालथं घालून बोटांनी वाजवायचा. धुम् तक तक, धुम् तक. त्येंच्याकडं दमाम नावाचा ढोल असतो, त्येचा ठेका. म्हनायचा, "एका नाताळाला खरा दमाम आणतो. तुज्या मिशनच्या म्हाताऱ्या नाचतील बघ."

मंग त्येची आई आजारी पडल्याचा निरोप आला. त्यो गेला. जाताना म्हनला, "नाताळाला दमाम घेऊन येतो. वाट बघ."

म्या वाट बघितली. नाताळ आला, गेला. दुसरा आला, गेला.

शेवटी म्या गेलो तिकडं. व्हय, म्या! गाड्या बदलत, इचारत इचारत, जंगलात. त्येची आई सापडली, झोपडीभाईर बसलेली. बरी झाली व्हती. मला बघून तिनं माज्या पाठीमागं बघितलं. माज्यासंगं कोन आलंय का ते. तिची कोकनी मला अर्धी कळंना, माजी बोली तिला. पन येवढं कळलं, की त्यो दमाम गळ्यात घालून, पहिल्या नाताळाच्या आधीच, माज्याकडं म्हनून निघाला व्हता.

तिला वाटलं त्यो माज्यापाशी. मला वाटलं त्यो तिच्यापाशी. आन् त्यो कुठंच न्हाई.

दोघं बसून राहिलो तिथं. एकाच मानसाची वाट बघत. तिनं मला पेज दिली. खाल्ली जायना.

...दे गं पानी.

तर मंग पुढल्या नाताळच्या आदल्या दिशी टँकरवाला किसन येऊन सांगतो, "अंद्रू, तुज्या त्या काळ्या मैतरासारखा एक गडी आत्ता फाट्यावर उतरला." बास! पायात वहान घातली का न्हाई ते बी ठावं न्हाई. निघालो. हातात बॅटरी, कोपरीत भाकर बांधलेली. त्यो भुकेला असंल ना!

माळावर गार वारा. चांद न्हाई. चाललो, चाललो. एक वाकडी बाभळ लागली, तिच्यावर फाटका पतंग अडकलेला. म्होरं गेलो. जरा यळानं पुना बाभळ. पुना पतंग! म्या म्हनलं, दुसरी असंल. म्होरं गेलो. पुना तीच!

चकवा! चकवा लागला व्हता मला. मला कळलं, आन् भ्या वाटायच्या आधी राग आला. त्या बाभळीला म्या अशा शिव्या हानल्या, की रूथदेखत सांगता येनार न्हाईत. मंग येशूचं नाव घेतलं, मोठ्यानं. "निघ हितनं! येशूच्या नावानं निघ!" सोंऽ करून वारा थांबला. बॅटरी इझली. सगळं गप. रातकिडा बी न्हाई.

म्या म्हनलं, पळालं भूत. जिंकली लढाई.

कसली जिंकली! त्येनं नुसतं हत्यार बदललं व्हतं. ऐका, सैतान शिंगं घेऊन येतो असं ज्येला वाटतं त्यो येडा. त्येला काय पायजे ते त्यो घेऊन येत न्हाई. तुमाला काय पायजे ते घेऊन येतो.

अंधारातनं आवाज आला.

धुम् तक तक. धुम् तक.

दमाम! खरा दमाम, घमेलं न्हवं. म्या वरडलो, "बस्त्या! बस्त्या रं!"

"किते रे अंद्रू? केवढा उशीर?"

त्योच आवाज. त्योच! उजेड कुठला ते ठावं न्हाई, पन म्होरं त्येची पाठ दिसली. ते खांदे, ते बारीक केस, गळ्यात ढोल. म्या पळत सुटलो. त्यो चालतच व्हता. "चल, जवळची वाट आहे," म्हनला.

आता म्या काय येडा न्हाई. पाय बघितले. भुताचं पाय उलटं असत्यात ना? सरळ व्हते! टाचा माज्याकडं, बोटं म्होरं. तरी म्हनलं, आपुन येशूचे लोक, आपली कसोटी येगळी. म्हनलं, "बस्त्या, येशूचं नाव घे बघू."

"येशू," त्यो म्हनला. सरळ! अडखळला बी न्हाई.

माज्या डोळ्याला धार लागली. भूत येशूचं नाव घेत न्हाई, ह्येच आमच्या समद्यांच्या डोक्यात. शिकवनच तशी. म्या म्हनलं, आलास रं बाबा, आलास! आई वाट बघतीया तुजी तिकडं. कुठं मेला व्हता? भाकर आनलीया. बस, खाऊ. त्यो म्हनला, "आधी प्रार्थना करू."

थांबला. पाठमोराच. म्हनायला लागला. कसली म्हनली सांगू! शब्दन् शब्द गोड, मधासारखा. म्या डोळं मिटून त्येच्या मागं उभा. पाच वर्साच्या पोरागत सुखी. वाइटापासनं सोडव, म्हनला. म्या आमेन म्हनायला तोंड उघडलं...

आन् त्यो थांबला न्हाई.

त्येनं शेवटची वळ म्हनली. राज्य, पराक्रम, गौरव, समदं. पुरी. माज्या पाळकापरीस झ्याक.

म्या डोळं उघडलं. हळू इचारलं, "बस्त्या... ही वळ कवा शिकलास?"

त्यो म्हनला, "तुला पाहिजे होती ना? म्हणून म्हटली. तू सांगशील ते म्हणतो. तुला पाहिजे तसाच बस्त्याव आहे मी. परत कधी सोडून जाणार नाही. ये."

आन् वळला. ऐका... तोंड बस्त्यावचंच व्हतं. हासरं. पन डोळ्यात मी न्हवतो. शेकोटीपाशी एकमेकाकडं बघितलं की समोरच्याच्या डोळ्यात आपुन दिसतो ना बारीक? तिथं कायच न्हवतं.

खरं सांगू का? माजा पाय उचलला व्हता. ठावं असून. म्या म्हनलं असतं, असू दे, खोटा तर खोटा, कोन तरी येऊ दे. येवढी वाट बघितली व्हती म्या.

पन मला त्यो भाकर आधी हाननारा पायजे व्हता. माजं न ऐकनारा. मरंन पन म्हननार न्हाई म्हननारा! गोड बोलून माज्या मैतराची जागा घेतो का रं भाड्या? आसा राग आला मला! म्या त्येच्या तोंडावर वरडून प्रार्थना म्हनली. बस्त्यावची. आखूड. वाइटापासनं सोडव, आन् आमेन! आन् कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावली, जन्मात पहिल्यांदा. उलटी का सुलटी देव जाने.

किंकाळी फुटली. मानसाची न्हवं, जनावराची न्हवं. आन् माज्या पायाखालची माती सुटली!

कोरडी हीर! आमीच खांदलेली, पानी न लागलेली, कठडा न बांधलेली. त्येनं मला बरुबर तिच्या तोंडाशी आनून हुबा केला व्हता. म्या छातीपातूर आत गेलो. हाताला कायतरी लागलं, यारीच्या पायाचा जुना खुंट. त्येला लोंबकळलो. खाली काळं मिट्ट. बोटं सुटायला लागली. आन् सवयीनं तोंडातनं निघालं, "वढ!"

वरनं कोन व्हय म्हननार? कोन न्हवतं.

म्या पुना वरडलो, "वढ रं! वढ!"

व्हय आलं न्हाई. पन ऐका, म्या काठावर कसा आलो ते मला आजपातूर ठावं न्हाई. माजं हात गळाले व्हते. मला वढलं. वर कोन व्हतं त्याचं नाव तुमाला सांगायची गरज न्हाई. त्याला ऐकू येतं. आखूड बी ऐकू येतं. बस्त्याव बरुबर बोलत व्हता.

उजाडल्यावर फाट्यावर गेलो. हाटेलात इचारलं. बोअरच्या गाडीवरचा कुनी मद्रासकडचा पोरगा व्हता, च्या पिऊन गेला बी. भाकर कोपरीत तशीच. कुत्र्याला घातली.

न्हाई आला. अजून न्हाई आला. आता येईल तर माज्यासारखाच म्हातारा असंल, दमाम उचलंल का न उचलंल.

तर ती मधली वाट धरायची न्हाई. कोनी न्हाई! डांबरीनं जा, लांब पडली तर पडू द्या. आन् अंधारात आपलं मानूस भेटलं, आन् ते तुमाला पायजे तस्संच बोलाय लागलं, तर पाय उचलू नका. आपलं मानूस कधी तस्सं बोलत नसतं.

आन् पाळकाला सांगा, म्हातारा इसरला न्हाई. मंडळी ती शेवटची वळ म्हनती ना, तवा म्या गप राहतो. तेवढी जागा बस्त्यावसाठी मोकळी ठेवतो. तेवढ्यात त्येनं अर्धी भाकर हानलेली असती.

उठा आता. इझवा ते. लाजरस, डांबरीनं जा रं!