भरलेला फळा

नाव व पत्ता सोबतच्या ओळखपत्राप्रमाणे. वय ५४ वर्षे. व्यवसाय: विमा कार्यालयात लिपिक, शिवाय एका साप्ताहिकात विनोदी सदर लिहितो, त्याला घरात कुणी व्यवसाय मानत नाही.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, माझी पहिली तक्रार छत्रीबाबत आहे. काळी, लांब दांड्याची, जेमतेम दोनदा उघडलेली छत्री आज दुपारी आपल्या हवालदारांनी पंचनाम्यात जप्त केली. परत कधी मिळेल विचारले तर "साहेब ठरवतील." बाहेर पाऊस आहे. माझे सासरे, वय ७९, ओल्या कपड्यांनी व्हरांड्यातल्या बाकावर बसले आहेत. बाकाचा एक पाय आखूड आहे, तेही नोंदवावे.

सासरे एकतीस वर्षांपूर्वी आगीनंतर बंद पडलेल्या गिरणीत मागावर कामाला होते. सोमवारपासून गिरणी पाडणार असे कळल्यावर म्हणाले, "जावईबापू, एकदा आत नेऊन आणा." सदराला मजकूर मिळेल म्हणून मी कबूल झालो. सकाळी दहाला आम्ही पडक्या भिंतीतून आत शिरलो. छप्पर उरलेले नाही. मागांच्या सांगाड्यांतून झाडे वर गेली आहेत, खाली गुडघाभर पाणी, त्यात बेडूक. मी म्हणालो, "मामा, तुमच्या जागी नवी भरती झालेली दिसते." ते हसले नाहीत.

फाटकाजवळच्या खोलीत लाकडी फळा अजून आहे. कामगाराने आत जाताना आपल्या नंबरच्या खिळ्यावरचा पितळी बिल्ला काढून न्यायचा, सुटल्यावर परत लावायचा. फळा भरला की सगळे बाहेर. फळा भरलेला होता. सासऱ्यांचा नंबर २१४. २१५ नंबरचा, कामावर असलेला इसम हा त्यांचा जोडीदार व आमच्या समोरच्या काकूंचा नवरा. गिरणीला आग लागली त्या दिवसापासून तो बेपत्ता आहे. बिल्ला फळ्यावर होता, म्हणून 'स्वखुशीने निघून गेला' अशी नोंद याच ठाण्यात आहे.

सासरे फळ्यासमोर उभे राहून जे बोलले ते असे: "पाळी सुटली तेव्हा हा म्हणाला, 'डबा राहिला रे गोदामात, माझापण लाव, आलोच.' लावला. रोज लावायचो एकमेकांचा. मी सायकल काढली नि घरी गेलो. मागे गोदाम पेटलं. मुकादमानं फळा बघितला, सगळे बाहेर म्हणाला, आणि लोखंडी दरवाजा ओढून घेतला."

मी विचारले, "मग बोलला का नाहीत?"

"दुसऱ्याचा बिल्ला लावला की कामावरून काढायचे. पहिल्या दिवशी त्याला घाबरलो. दुसऱ्या दिवशी, काल का गप्प बसलास म्हणतील, याला घाबरलो. पुढं तेच."

गोदामाचा दरवाजा झाडाच्या मुळांनी बिजागऱ्यांसकट उचकटला आहे. आत छत कोसळलेले. छत्रीच्या टोकाने मी वेल बाजूला केली. दरवाजाला लागूनच हाडे दिसली. शेजारी तीन पुडांचा डबा, कडी लावलेला. सासऱ्यांनी माझ्या हातातून छत्री घेतली, उघडली आणि हाडांवर धरली. मी फोन केला तेव्हापासून आपले लोक येईपर्यंत, म्हणजे पाऊण तास, ते तशीच धरून उभे होते. स्वतः भिजत होते.

काकू आता बहात्तर वर्षांच्या आहेत. रात्री दाराची कडी लावत नाहीत, असे माझी पत्नी सांगते. कारणाबाबत मी कधी चौकशी केलेली नाही.

काकूंचा नवरा पळून गेला असे धरून मी सदरात दोनदा लिहिले आहे. 'डबा घेऊन पळाला, म्हणजे तक्रार बायकोबद्दल होती, स्वयंपाकाबद्दल नव्हती.' लोक खूप हसले. काकू जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "छान लिहिता हो तुम्ही."

बिल्ला कुणी लावला ते सासरे स्वतः सांगणार आहेत. त्यांचा जबाब माझ्यानंतर घ्यावा व ती जुनी नोंद आजच दुरुस्त करावी. कागद हातात मिळाल्याशिवाय ते काकूंच्या दारात जायला तयार नाहीत.

छत्रीची तक्रार मागे घेतो.

हवालदारांनी हा जबाब मोठ्याने वाचला, मी ऐकला. २१५ नंबरपुढे आधी 'पळून गेलेला इसम' असे लिहिले गेले होते. ते शब्द त्यांचे नाहीत, सवयीने माझ्याच तोंडून गेले. ते खोडून 'कामावर असलेला इसम' असे लिहून घेतले आणि खोडलेल्या जागी मी सही केली. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.