गोड्या पाण्याचा जावई

ठाण्याच्या खाडीवर कळव्याची होडी येईपर्यंत बसलेलो. पुढे मिठागरातले दोघे बोलत होते.

"काळुराम, तू मागणी घातलेल्या तुळसाचं लगीन झालं. आता कळव्याला कशाला?"

"धाकटी सगुणा होती ना."

"तिचंही ठरलं रे."

"कळलं. म्हणून आता त्यांच्या आत्याशी पाट लावतो. नवरा वारलाय तिचा. जावई त्याच घरचा होणार."

"एवढं काय आहे त्या घरात?"

"गोड्या पाण्याची विहीर, पंढरी. जन्म खारट पाण्यात गेला माझा."

मागून हंडेवाली बाई म्हणाली, "आत्या मीच. पाटाला ना नाही. पण भावाशी भांडून वेगळी झालेय. विहीर त्याची. मी पाणी ठाण्याहून नेते."

काळुरामाने तिचा हंडा उचलला.

"पंढरी, तुझी विहीर खणायची कुदळ घरीच आहे ना?"