खुशालभाऊले ऊन लागत नाई

...आन् मले सांगा, पाण्याच्या पार्कात जाऊन कोणाले ऊन लागते का? चारी आंगानं पाणी, वरून पाणी, खालून पाणी, प्लास्टिकच्या हत्तीच्या सोंडेतून पाणी, आन् त्याच्या मधात आमचे शेजारी खुशालभाऊ, कोरडे ठणठणीत! तुमाले सांगतो, लगनात जाऊन उपाशी येणारे लोक मी पाह्यले, पण पाण्यात जाऊन वाळून येणारा माणूस ह्या जिल्ह्यात एकच हाय, आन् तो नेमका माह्या भिंतीले भिंत लावून राह्यते!

आता खुशालभाऊ कोण, तं लाईनमन. रिटायर झाले त्याले दोन वर्स झाले, पण लाईनमन काई रिटायर होते का? अजूनही रस्त्यानं चालते तं मान वर करून, तारा पाहत, मंग खाली शेणात पाय पडला तरी पत्ता नाई! एकतीस वर्स हा माणूस राजुऱ्यापासून तं जिवतीच्या पहाडापर्यंत खंब्यावर चढे. मे महिन्यात, नवतप्यात, भर दुपारी बारा वाजता, जवा गावातले कुत्रे बी नालीत जाऊन झोपतात, तवा हा वर, तापल्या लोखंडाले मिठी मारून! म्हणून त्याइचं एकच वाक्य. डोक्याले दुपट्टा बांधा म्हणा, पाणी पेऊन निघा म्हणा, खिशात कांदा ठेवा म्हणा... एकच वाक्य, "आपल्याले उनाचं नोको सांगू बाप्पा!"

बरं, नाई सांगत! पण उनाले तं कोणी तरी सांगा ना, का हे खुशालभाऊ होय, याइले सोडून दे!

झालं काय, त्याइची नात साक्षी, सात वर्साची, दुसरी पास झाली. आता दुसरी कोण नापास होते, तुमीच सांगा! पण पोरीनं वर्सभर घोकलं होतं, पास झाली का शीतलधारा फन पार्क. आमच्या वरोऱ्याहून नागपूर रोडनं तासाभराच्या वाटेवर हाय. नाव पाहा, शीतलधारा! मी म्हणतो नाव ठेवणाऱ्यानं जागा पाह्यली होती का? चारी कडं बरड, मुरूम नुसता, आन् झाडं किती, तं गेटवर दोन खजुराचे... ते बी फायबरचे! त्याइची सावली बी अशी पातळ का माणसानं आडवं होऊन एक हात तिच्यात ठेवावा.

गाडीत पाच जण. खुशालभाऊ, त्याइची बायको बायनाबाई, पोरगा अश्विन, सून रिना आन् साक्षी. अश्विनचं काम एकच, मोबाईल पाहून टेंपरेचर सांगणं. "बाबा, चव्वेचाळीस." दहा मिनिटानं, "बाबा, पंचेचाळीस पॉइंट दोन." क्रिकेटचा स्कोर सांगते तसा, चढला का खुश होते लेकाचा! आन् रिना... मले ही पोरगी पह्यलेपासून हुशार वाटते, बँकेत हाय, माहेर जिवतीच्या पहाडातलं. तिनं एक मोठी थैली भरली. कैरीचा पना, मीठ-साखरेच्या पुड्या, ओले टावेल, छत्री, दुपट्टे. खुशालभाऊनं थैली पाह्यली आन् हसले. "बाई, आपून पार्कात चाल्लो का दवाखान्यात? पहाडातल्या लोकाइले थोडी ऊन बी जास्त वाटते. आपल्याले उनाचं नोको सांगू बाप्पा!"

रिनानं गुमान थैलीत अजून एक पुडी टाकली. बोलणाऱ्या सुनेचं भेव नसते, न बोलणारीचं असते.

गेटवर पोचले तं तिथी गार्ड. कानापर्यंत मिशा, आवाज कसा, तं पेट्रोलपंपावरच्या हवेच्या मशीनवानी, "म्याडम, बाहेरचा खाना-पाणी अलाऊड नईऽऽ." रिना म्हणे, "भाऊ, लहान पोरगी हाय, म्हातारे माणसं हाय, उनाचे दिवस हाय, हा पना हाय, दारू नोहे." "अलाऊड नईऽऽ!" मागं लाईन लागलेली, लोक हॉर्न वाजवल्यावानी खोकून राह्यले, आन् तेवढ्यात खुशालभाऊ कोणाच्या बाजूनं बोलले असन? गार्डच्या! "ठेव ना बाई गाडीत! नियम म्हणजे नियम. चार घंट्याचा तं प्रश्न हाय!" गेली थैली गाडीत. आन् गाडी कुठी? दूर पार्किंगात, उघड्यावर, जिथी डांबर पायाले चिपकते.

आतमधी गेले तं दुसरी पाटी, "कॉस्च्यूमशिवाय पाण्यात उतरण्यास मनाई." कॉस्च्यूम म्हणजे भाड्याचे नायलॉनचे कपडे. बायनाबाईनं गुमान घेतला, घातला, आन् पाण्यात जाऊन बसली ते बसलीच! उठायचं नावच नाई. अश्विन म्हणे, "आई, चाल ना, ती घसरगुंडी पाहू." तं बाई म्हणते, "मले हालवू नोको. अडतीस वर्सात पह्यल्यांदा मले कोणी चुलीपासून इतकं दूर बसवलं."

आन् खुशालभाऊले जी चड्डी भेटली, तिच्यावर डॉल्फिन! गुलाबी! दोन मांड्याइवर दोन, समोरासमोर हसून राह्यले! खुशालभाऊनं चड्डी दोन बोटात धरली, उंदराचं शेपूट धरते तशी. "मी एकतीस वर्स खाकी पॅन्ट घातला. आता ह्या वयात मासे घालू?" काउंटरवाला म्हणे, "काका, साधी पाह्यजे तं बदकाची हाय." झालं! खुशालभाऊनं चड्डी ठेवली, आन् जाहीर केलं, "तुमी पोहा. मी चपला राखतो."

अहो, चपला राखतो! कोण नेऊन राह्यलं तुमच्या चपला? सेहेचाळीसमधी ज्याच्या पायात चपला हाय तो त्या काढाले तयार नाई आन् ज्याच्या पायात नाई तो जागचा हालाले तयार नाई! पण बसले. फरशीच्या कठड्यावर, उघड्या उनात, समोर पाच जोड चपला मांडून, जसे काई पोलीस मुद्देमाल मांडतात.

दर अर्ध्या घंट्यानं रिना पाण्यातून निघून येये. "बाबा, पाणी पेऊन घ्या." "तहान नाई." "बाबा, त्या शेडखाली तरी बसा." "तिथून चपला दिसत नाई." "बाबा, तोंड लाल झालं तुमचं." "आपल्याले उनाचं नोको सांगू बाप्पा!" आन् मंग मान वर करून पार्कातल्या तारा पाहत बसे. मनात म्हणे, काय ढिल्ल्या तारा ओढल्या सायच्यानं.

मले त्याइनं नंतर सांगितलं, दादाजी, तहान लागली होती. लागली होती! पण तीन डाव नाई म्हटलं होतं ना, मंग चौथ्या डाव हो कसं म्हणा? तुमाले सांगतो, माणूस उनानं नाई मरत, 'नाई'नं मरते.

दीड वाजता अश्विन साक्षीले घेऊन आकाशपाळण्यात बसला. पाळणा फिरला, साक्षी वरून हात हालवून राह्यली, खुशालभाऊ खालून हात हालवून राह्यले... आन् धाडकन लाईट गेली.

गाणे बंद. हत्तीची सोंड बंद. लाटा मारणारी मशीन बंद. सगळ्या पार्कात अशी शांतता का माणसाले आपल्या कानातली ऊन ऐकू यावी. आन् पाळणा थांबला, साक्षीचा डब्बा कुठी? पार शेंड्यावर! पत्र्याचा डब्बा, वर सूर्य, हवा नाई. आन् त्या शांततेत वरून बारीक आवाज आला, "आबाऽऽ! आबा, लाईट गेलीऽऽ!"

तिले काय ठावं! तिच्या साठी जगात लाईट गेली म्हणजे आबाले सांगायचं, आन् आबा आणून देते. जन्मापासून तसंच पाह्यलं पोरीनं.

खुशालभाऊ उठले. चपला राह्यल्या तिथीच, स्वतःच्या बी! त्या तव्यावानी फरशीवरून हा साठ वर्साचा माणूस अनवाणी पळाला. जनरेटर पाळण्याच्या मागं, आन् जनरेटर तं धडधड चालू! मंग लाईट काऊन नाई? तिथी पार्काचा इलेक्ट्रिशियन कोलूभाऊ, कानाले फोन लावून, घामानं निथळत. "साहेब फोन उचलून नाई राह्यले भाऊ! चेंजओव्हरचा दांडा अटकला. लाईट तारावरून जनरेटरवर फिरवाचा दांडा तो... उनानं असा तापला का हात लावू देत नाई!"

"साहेबाले मंग विचारजो. आंधी पोरगी उतरव!"

"भाऊ, तुमी कोण?"

"मी लाईनमन हाओ," खुशालभाऊ म्हणे. होतो नाई म्हणाले. हाओ म्हणाले.

आंगातला सदरा काढला, दांड्याले गुंडाळला, कोलूले म्हणाले बाजूले सर, पाय रोवले आन् लटकले. नाई हालला. वरून अश्विनचा आवाज, "बाबाऽ, साक्षीले बसवत नाई, सीट तापलीऽ!" ...दुसऱ्या डाव लटकले. नाई हालला. तिसऱ्या डाव असे लटकले का खट्टकन दांडा खाली, आन् पाळणा कुरकुरला, आन् फिरला! एक डब्बा उतरला, दुसरा उतरला, लोक आपापले लेकरं उचलून सावलीत पळून राह्यले, आन् साक्षी उतरली, तोंड पळसाच्या फुलावानी लालेलाल, पण हसत! रिनानं तिले उचललं, पाणी पाजलं, डोक्यावर पाणी टाकलं. लोकाइनं टाळ्या वाजवल्या. कोलूभाऊनं खुशालभाऊचे पाय धरले.

इथी खरं तं गोष्ट संपाले पाह्यजे होती. पण उनानं अजून हिशोब केला नव्हता.

पाळण्याच्या बाजूले एक प्लास्टिकचा गेंडा उभा हाय, पोराइनं फोटो काढासाठी. खुशालभाऊ बनियनवर, अनवाणी, सरळ त्या गेंड्यासमोर गेले. ताठ उभे राह्यले. सलाम ठोकला. म्हणे, "साहेब, लाईन चालू झाली. आता जाऊ का घरी?"

लोक हासले. अश्विन हासला, त्यानं मोबाईलच काढला, म्हणे बाबाइनं बरी नक्कल केली. खुशालभाऊ गेंड्याले म्हणतात, "साहेब, तुमी बोलून काऊन नाई राह्यले? माही काई चूक झाली का?"

एक रिना नाई हासली. पोरीले नवऱ्याच्या हातात देऊन धावली, सासऱ्याच्या कपाळाले हात लावला, मानेले लावला, आन् ओरडली, "अश्विन, फोन ठेव! बाबाइले घाम नाई! आंग भट्टीवानी हाय आन् घामाचा थेंब नाई!" तेवढ्यात खुशालभाऊचे गुडघे वाकले.

हासू नोका आता. आमच्या इकडं ऊन माणूस नेते. मागल्या साली दोन घरं सोडून एक चांगला धडधाकट माणूस बांधावर टेकला, लोक म्हणे झोपला असन... नाई उठला.

रिना आन् कोलूनं उचललं, आणलं लहान पोराइच्या टाक्यावर, गुडघाभर पाणी तिथी. आन् काठावर कोण? टाक्यावर पहारा देणारा शिट्टीवाला! "म्याडम, कॉस्च्यूमशिवाय..." आन् तुमाले सांगतो, अडतीस वर्सात जिचा आवाज आमी भिंतीपल्याड राहून नाई ऐकला, ते बायनाबाई पाण्यातून उठली, वाघिणीवानी! "माह्या नवऱ्याले ऊन लागली आन् तू त्याची चड्डी पाहून राह्यला? सर!"

सरला. शिट्टी तोंडातच राह्यली.

रिनानं त्याइचं डोकं आपल्या मांडीवर वर धरलं, बाकी आंग पाण्यात. कोलूनं सरबतवाल्याकडचा सगळा बर्फ आणला, मानेले, काखेत फडक्यात बांधून लावला. अश्विननं गाडी बोलावली दवाखान्याची, बोलता बोलता रडून राह्यला. कोणीतरी तोंडात पाणी ओताले धावलं, रिनानं हात धरला, म्हणे शुद्ध येऊ द्या आंधी, ठसका लागन. बायनाबाई पाय चोळे आन् एकच म्हणे, "अहो, पाहा ना इकडं. पाहा ना."

पाच मिनिट. सात मिनिट. साक्षी बाजूले उभी.

आन् मंग डोळे उघडले. वर हत्ती, सोंडेतून पाणी गळून राह्यलं टपटप, आन् त्याच्या खाली सुनेचं तोंड. खुशालभाऊनं ओठावरून जीभ फिरवली. मंग म्हणे, "साक्षी उतरली का?"

"उतरली बाबा."

"मंग पाणी दे बाई."

तवा रिना रडली. तवापर्यंत नाई रडली, तवा रडली, आन् पाणी देता देता अर्धं सांडवलं. एक गिलास, दोन गिलास... तिसऱ्याले खुशालभाऊच म्हणे, "मीठ-साखर टाक त्याच्यात."

वरोऱ्याच्या दवाखान्यात दोन सलाइन लागले. डॉक्टर म्हणे, थोडक्यात निभावलं, दहा मिनिट उशीर झाला असता तं मी काई सांगू शकत नव्हतो. सुनेले म्हणे, तुमी नर्स हाय का? ते म्हणे नाई, बँकेत हाओ. घरी येताना गाडीत खुशालभाऊनं स्वतःहून थैली उघडली, पन्याची बाटली काढली. चायवानी गरम झालता पना! तोंड वाकडं न करता पूर्ण पेले. आन् मले भेटले तं काय म्हणाले, माहीत हाय का? "दादाजी, ऊन लागते बरं आपल्याले बी." बस्. एवढंच. एकतीस वर्सात पह्यल्यांदा. मले तं बापा बम बरं वाटलं, छातीवरचा गोटा उतरला.

आता डॉक्टरनं सांगितलं, आठ दिवस घराबाहेर पडाचं नाई, कूलरसमोर झोपाचं. घरात कूलरची खोली एकच. आन् मोहल्ल्यात बातमी फुटली! सकाळी अकरा वाजले का लोक सुरू. "जय भीम भाऊ, काय झालं, कसं झालं?" कोणी म्हणते तळपायाले कांद्याचा रस चोळा, कोणी म्हणते डोक्यावर काशाची वाटी फिरवा, आन् सांगता सांगता जो तो कूलरकडं सरकते. खुशालभाऊ संकोची माणूस, "या, बसा ना" म्हणत पह्यल्या दिवशी पलंगाच्या काठावर गेले, दुसऱ्या दिवशी भिंतीले, आन् काल पाह्यलं तं उंबऱ्याच्या बाहेर, टिनाखाली, स्टुलावर!

रिना आतून ओरडली, "बाबा! उनात काऊन बसले तुमी?"

बिचारे हळूच म्हणाले, "काय करू बाई... कूलरसमोर पाहुणेच पाहुणे हाय, पेशंटले जागाच नाई."

आता तुमी म्हणान, दादाजी, तुमी शेजारी, इतकी कळकळ हाय तं तुमीच काऊन नाई उठत कूलरसमोरून? उठतो ना! पाच तं वाजू द्या... बाहेर ऊन काय कमी हाय का बाप्पा!