डाव्या टायरची बाहेरची कड

क्लाइव्ह : बॅटरी माझ्या डोळ्यांवर नको मारू, लेन. टायरवर मार. हां. आता कडेवरून हात फिरव.

लेन : फिरवला.

क्लाइव्ह : काय लागतंय?

लेन : बाहेरची कड पार गुळगुळीत. आतली नक्षी मात्र नव्यासारखी.

क्लाइव्ह : आणि उजवा टायर बघ, सगळीकडून सारखा झिजलाय. म्हणजे मागचं डावं चाकच तेवढं वाकड्यात शिरलंय. गेल्या वर्षी बुश बदलले, स्प्रिंग बदलली, तरी तू आपला म्हणतोस मागून गाडी नीट नाही. बाकी सगळी गाडी तू बांधलीस, मागचं सस्पेन्शन तेवढं मी लावलं. आणि नेमकं तिथंच घोडं अडलंय.

लेन : जाऊ दे रे. घरी बांधलेल्या गाड्या अशाच असतात.

क्लाइव्ह : जाऊ दे कसं? नाताळात हेझलने, माझ्या सख्ख्या बहिणीने, सगळ्यांसमोर ऐकवलं मला. म्हणाली, तुझ्या अर्धवट कामापायी मला माझ्याच नवऱ्याच्या गाडीत बसता येत नाही. ताट तसंच सोडून उठलो मी. आणि काल तिचा फोन. आवाज इतका बारीक झालाय तिचा. म्हणाली, क्लाइव्ह, या रविवारी बसायचंय मला, पुढच्या वर्षी हे पाय ऐकतील की नाही सांगता येत नाही. म्हणून तडक आलो.

लेन : मला बोलली नाही ती असं.

क्लाइव्ह : तुला कशाला बोलेल? तू लगेच तोंड पाडून बसतोस. त्या कोपऱ्यातल्या पिशव्या आण बरं इकडे. वाळूच्या. पुन्हा मोजमाप घेऊ.

लेन : दोन्ही?

क्लाइव्ह : दोन्हीच की. तुझ्या सीटवर तुझ्या वजनाची, शेजारी हेझलच्या. विसरलास? तिला वजन विचारलं तेव्हा ओल्या फडक्याने मारलं होतं तिने मला. शेवटी खरं सांगितलं आणि मग हसत सुटली. दोघं बसल्यावर गाडी जेवढी दबते, तेवढी दाबूनच चाकं सरळ लावली होती आपण.

लेन : हो.

क्लाइव्ह : थांब. एक मिनिट थांब. दोघं बसले तर चाक सरळ. एकटाच बसला तर डावी बाजू उचललेली राहते. चाक बाहेरच्या कडेवर चालतं.

लेन : क्लाइव्ह…

क्लाइव्ह : पण त्यासाठी गाडी खूप पळायला हवी. तू तर म्हणायचास, गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन तपासतो आणि परत आणतो. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन टायर असा झिजत नाही, लेन.

लेन : घरी गाड्या बांधणाऱ्यांच्या क्लबला जातो मी. रविवारी. पबच्या अंगणात सगळे जमतात ना. कधी मग तसाच पुढे मेबलथॉर्पपर्यंत, समुद्रावर.

क्लाइव्ह : प्रत्येक रविवारी?

लेन : पाऊस नसला की.

क्लाइव्ह : आणि ती घरात. गाडी दुरुस्त व्हायची वाट बघत. आणि मी मूर्ख, दोन उन्हाळे तुझ्या गाडीखाली पाठीवर पडून. काय बिघडलं होतं रे?

लेन : काही नाही. पहिल्या दिवसापासून काहीच नाही. मीच बिघडलो होतो म्हण.

क्लाइव्ह : शब्दांचे खेळ नको. कारण सांग.

लेन : गाडी किती खालची आहे बघतोयस ना? हेझलचं अंग थरथरतं, तिला आपलं आपण उठता येत नाही. काखेत हात घालून ओढून काढावं लागणार. तिथे सगळे बॉनेट उघडून उभे असतात, एकमेकांच्या गाड्या न्याहाळत. आमची गाडी आली की सगळे वळून बघतात. मला लाज वाटली. आधी स्वतःलाच सांगायचो की तिचीच फजिती होईल, तिला बरं वाटणार नाही. खोटं आहे ते. लाज मला वाटली, आणि तिची वाटली.

क्लाइव्ह : हं.

लेन : शिव्या तरी घाल.

क्लाइव्ह : शिव्या घातल्या की तुला हलकं वाटेल. नाही घालत. हे बघ, इलाज सोपा आहे. हेझलची पिशवी काढून टाकतो, चाकं तुझ्या एकट्याच्या वजनावर लावून देतो. पुन्हा टायर झिजायचा नाही. कुणाला कळायचंही नाही. काढू पिशवी?

लेन : नको.

क्लाइव्ह : मग तिला काय सांगायचं ते ठरव. येतेय बघ.

(गॅरेजच्या दारात हेझल, वॉकर धरून.)

हेझल : काय रे, अजून त्या टायरलाच चिकटलात दोघं? क्लाइव्ह, सापडली का एकदाची तुझी चूक?

क्लाइव्ह : सापडली म्हणजे… तसं बघितलं तर माझंच जरा…

लेन : त्याची काही चूक नाही, हेझल. गाडी कधी बिघडलीच नव्हती. दोघांसाठी लावलेली गाडी तपासायच्या नावाखाली मी दर रविवारी एकट्याने क्लबला नेली, म्हणून टायर गेला. तुला मी खोटं सांगत आलो.

हेझल : का?

लेन : तुला उचलून बाहेर काढताना लोक बघतील, म्हणून.

हेझल : क्लाइव्ह, नाताळात मी तुला नाही नाही ते बोलले.

क्लाइव्ह : सोड ना ते.

हेझल : सोड कसं? भरल्या ताटावर बोलले मी तुला. माफ कर मला.

लेन : हेझल, मी…

हेझल : तू थांब जरा. तिथे कुणी विचारतं का रे माझ्याबद्दल?

लेन : विचारतात. नेहमी.

हेझल : काय सांगतोस?

लेन : सांगतो की… तुला गाडीची भीती वाटते.

हेझल : मला.

लेन : हो.

हेझल : क्लाइव्ह, नवा टायर रविवारपर्यंत मिळेल?

क्लाइव्ह : उद्याच आणतो.

हेझल : आण. आणि माझी पिशवी उचल तिथून, मी येणार आहे.

लेन : मी सांगेन त्यांना, हेझल. भीती कुणाला वाटत होती, ते सगळं. उद्याच फोन करून सांगतो.

हेझल : फोनवर नको. तिथे गेल्यावर सांग, मला उतरवताना.